मुलगा बघायचा कार्यक्रम

आमच्या वस्तीवर कोंबड्याच्या आधी दुधाचे कॅन आरवायचे. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, अंधारातच डेअरीचं शटर वर ढकलायचे आणि रिकामे कॅन एकावर एक आपटत बाहेर मांडायचे. डेअरी आमच्या घराला लागूनच होती. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत वजनकाटा आणि भिंतीवर काळा फळा. पणदरे गावापासून आत, उसातून जाणाऱ्या रस्त्याला ही वस्ती. आजोबांच्या काळी आमच्या घरात मेंढरं होती आणि सगळं घर त्यांच्या मागं फिरायचं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकून म्हशी घेतल्या, पाटाचं पाणी आलं तसा ऊस लावला, आणि आमचं बिऱ्हाड एका जागी टेकलं. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत होती. मी चौथी पास झाले तेव्हा पुढच्या शाळेपेक्षा आमच्या गोठ्यातली पाडी जवळ होती, म्हणून मी ती राखायला गेले. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही. वर्गात गुरुजींनी नाव घेतलं की माझे कान तापायचे. पाडी नाव घ्यायची नाही.

लाजणं हा शब्द माझ्या बाबतीत थोडा कमीच पडतो. पाहुणे आले की मी चुलीमागं, लग्नाला गेले की खांबामागं. आई म्हणायची, "शालन, तू जल्मताना बी तोंड फिरवूनच आलीस." पण स्वयंपाकघरात माझा हात चालायचा. बाजरीच्या भाकरीचा पदर सुटा करावा तर मीच, आणि म्हैस व्याली की खरवसाला वेलची किती आणि गूळ किती हे आई मलाच विचारायची. भाकरी थापण्याचा आवाज, तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज आणि पडवीतून येणाऱ्या तात्यांच्या गप्पा, यात माझी सकाळ सरायची. तात्या काय म्हणताहेत ते मला शब्दन् शब्द ऐकू यायचं. मी आतल्या आत हसायचे आणि भाकरी करपायची.

तात्यांचं वैशिष्ट्य म्हणजे ते उलटं बोलायचे आणि स्वतः कधी हसायचे नाहीत. चेहरा असा की नुकताच कुणाचा तरी अंत्यविधी आटपून आलेत. फक्त डावी भुवई जरा वर चढायची. वस्तीवरच्या माणसांना ती भुवई पाठ होती. फळ्यावर ते वर फॅटचे दर लिहायचे, पेंड आली का, जनावरांचे डॉक्टर कधी येणार ते लिहायचे, आणि खाली एक कोपरा चौकट आखून स्वतःसाठी ठेवायचे. त्यात रोज काहीतरी नवीन असायचं. 'काल वायरमन वस्तीवर दिसले असे समजते. ज्यांना दर्शन झाले त्यांनी नवस फेडावा.' किंवा, 'आमच्या रस्त्यात खड्डे नाहीत. खड्ड्यांत थोडा रस्ता आहे, तो जपून वापरावा.' किटली घेऊन रांगेत उभी असलेली माणसं आधी फळा वाचायची, मग तात्यांच्या भुवईकडं बघायची आणि मग हसायची. ज्यांना वाचता येत नव्हतं ती नुसती भुवई बघून हसायची.

मला एकोणिसावं लागलं होतं आणि स्थळं यायला लागली होती. बघायला येणाऱ्यांचं एक ठरलेलं असायचं. मी पाट मांडून खाली बघत बसायचं. पोह्यांच्या बशा द्यायच्या, त्या देताना हात थरथरतो का ते बघितलं जायचं. मग नाव, शिक्षण, मामाचं गाव. मग "जरा चालून दाव" असं कुणीतरी म्हणायचं आणि मी चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालून दाखवायचे, म्हैस बाजारात चालवतात तशी. कुणी सुई ओवायला लावायचं. कुणी वर्तमानपत्र वाचायला द्यायचं. मला वाचता यायचं, पण एवढ्या माणसांत ओठ उघडायचे नाहीत. "मुकी हाय काय?" हे मी तीन वेगवेगळ्या गावांच्या बायकांकडून ऐकलं. शेवटच्या खेपेला आलेल्या एका बाईनं तर माझी वेणी हातात धरली आणि खरे केस आहेत का बघायला चांगला हिसका दिला. माझ्या हातातली बशी पडली. ती म्हणाली, "केस हायती खरं, पर हात गळका हाय." आणि मंडळी पोहे संपवून, दुसऱ्यांदा चहा मागून, "कळवतो" म्हणून गेली.

त्या दिवशी तात्या पडवीत कॅन धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आले, माझ्याकडं बघितलं आणि परत बाहेर गेले. संध्याकाळच्या दुधाआधी त्यांनी कोपऱ्याची चौकट पुसून मोठी केली आणि लिहिलं. मला ते अजून तोंडपाठ आहे.

'जाहीर सूचना. आजपासून आमच्या घरी मुलगी दाखवली जाणार नाही. मुलगा बघितला जाईल. मुलाने येताना अंघोळ करून यावे व खाली बघून बसावे. विचारल्याशिवाय बोलू नये. पायात दोष नाही हे कळण्यासाठी गोठ्यापासून विहिरीपर्यंत चालून दाखवावे. भाकरी थापून दाखवावी. केस ओढून बघितले जातील. चहापोहे मुलाकडच्यांनी आणावेत. पसंती मागाहून कळवू.'

रांगेत एवढा हशा झाला की म्हशी बिथरल्या. बायकांनी तर पदर तोंडात कोंबले. मी खिडकीच्या फटीतून बघत होते आणि मला किती महिन्यांनी पोट भरून हसू आलं. फक्त आबा हसले नाहीत. आबा म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यात म्हातारे, आणि त्यांना तात्यांची भुवई दिसायची नाही, कारण डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांच्या नातीनं त्यांना सूचना वाचून दाखवली तशी काठी आपटत आले.

"तात्या, ही काय नवी रीत काढलीस? पोराकडचे पोहे घिऊन येत्यात व्हय?"

"काळ बदलला, आबा," तात्या गंभीरपणे म्हणाले.

"आन केस वढायचे? टकलं असलं तर?"

"मग कान वढायचे."

आबा कपाळाला हात लावून गेले आणि चार घरी सांगत सुटले की तात्याचं डोकं फिरलंय.

आता माझा मुलगा फोनवर असंच काही लिहितो. मागं त्यानं गावाच्या ग्रुपवर टाकलं, की रस्त्यावरचे दिवे दिवसा लागतात ही फार चांगली सोय आहे, सूर्य नीट दिसतो. लगेच दोघांनी त्याला शिव्या घातल्या की वीज वाया घालवणाऱ्यांची बाजू घेतोस, आणि एकानं मनापासून धन्यवाद दिले. तो डोकं धरून बसला. मला म्हणाला, "आई, हसरं तोंड लावायला विसरलो गं." मी म्हटलं, आपल्या तात्यांच्या फळ्यावर कुठं होतं हसरं तोंड? फळ्यापुढं ते स्वतः उभे असायचे. पण मजकूर पडवीच्या बाहेर गेला की भुवई मागं राहायची.

तो मजकूर बाहेर नेला शब्बीरभाईंनी. ते दुधाच्या गाडीचे ड्रायव्हर. आमचे कॅन उचलायचे आणि पुढं इंदापूरच्या बाजूला जायचे. दिवसभर त्यांना बोलायला माणूस मिळायचा तो डेअरीवरच, म्हणून एका डेअरीवरची बातमी पुढच्या डेअरीवर पोचवणं हे ते दुधाइतकंच इमानानं करायचे. त्यांनी सूचना पाठ केली आणि सांगत गेले. पहिल्या ठिकाणी ती चेष्टा होती. तिथून कुणीतरी पुढं सांगितली तेव्हा ती बातमी झाली. वालचंदनगरच्या अलीकडच्या वस्त्यांवर पोचेपर्यंत पणदऱ्याकडं पोराला बघायची रीतच सुरू झाली होती.

दहाएक दिवसांनी सकाळी आमच्या अंगणात ट्रॅक्टर येऊन थांबला. ऊस वाहायचा असतो तसला, मागं ट्रॉली. ट्रॉलीत घोंगडीवर एक बाई बसली होती. मांडीवर स्टीलचा मोठा डबा, बाजूला चहाची किटली फडक्यात गुंडाळलेली. सोबत जाड मिशीचे एक गृहस्थ, आणि ट्रॅक्टरवरून उतरलेला एक उंच मुलगा. केस ओले, पांढरा शर्ट, नजर जमिनीवर. मला वाटलं त्याचं काहीतरी पडलंय आणि तो शोधतोय.

बाई ट्रॉलीतून उतरली आणि पडवीत तात्यांना म्हणाली, "फळा हितलाच का? मी हौसाबाई. ह्यो माजा ल्योक दत्तू, आन ह्यो त्येचा मामा. पोहे आनल्यात. निवायच्या आत खावा."

तात्यांच्या हातात दुधाचं माप होतं. ते तसंच राहिलं. भुवई खाली आली ती आलीच.

"बाई," ते म्हणाले, "तुमी कुठनं आलासा?"

"वालचंदनगरच्या अल्याडनं. लांब हाय, पर म्हनलं जायाचंच. मला तीन पोरी. तिघींचं बघायचं कार्यक्रम म्या केलं. थोरलीचं दात मोजलं हुतं एकानं. त्या दिशी म्या ठरिवलं, एका तरी गावात पोरांना असं बघत असतील तर माजा ल्योक तितंच द्यायाचा. आमाला वाटलं आसं गाव नसंल. तर हाय की!"

मामा मिशीतल्या मिशीत म्हणाला, "अक्का, मला अजून बी वाटतंय, कुनीतरी चेष्टा केली आसंल."

"चेष्टा कशापायी? एवढं शानं लिव्हलंय."

आत चुलीपाशी आई आणि मी एकमेकींकडं बघत होतो. दादा मागच्या दारानं आले, तात्या पुढच्या. तात्यांचा घाम निघाला होता. हळू आवाजात म्हणाले, "वैनी, आता काय करू? सांगून टाकतो, मस्करी हुती म्हनून. माफी मागतो आन जेवू घालून पाठवतो." दादा म्हणाले, "सांगच. बिचाऱ्या पोहे करून आल्या."

मी त्या घरात मोठ्या माणसांच्या मध्ये कधी बोलले नव्हते. पण खिडकीच्या फटीतून मला तो मुलगा दिसत होता. खाली बघून बसला होता आणि हात मांडीवर ठेवून बोटं मोजत होता, मी बसायचे तसा. मी म्हटलं, "नगा सांगू."

"आँ?"

"फळ्यावर लिव्हलंय तसं हू द्या."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू त्यांचीच कुणीतरी मस्करी केलीय. मग त्यांनी बाहेर खुर्ची मांडली. मुलगी बसायची ती पाटावर, पण तात्यांनी मला खुर्ची दिली. माझे पाय जमिनीला टेकत होते तरी लटकल्यासारखे वाटत होते. बाकी सगळे सतरंजीवर, आबाही बातमी लागून आले होते. आता पुढचं मलाच बोलायचं होतं, आणि कान तापले होते. मी डोळे मिटून म्हटलं, "चालून दावा."

दत्तू उठला. गोठ्यापासून विहिरीकडं निघाला. चालणं सरळ होतं, पाऊल लांब. पण विहीर आमच्या उसाच्या कडेला, ती त्याला दिसलीच नाही. तो खाली बघत सरळ उसात शिरला आणि दिसेनासा झाला. नुसता पाल्याचा आवाज ऐकू यायला लागला. मामा ओरडला, "आरं माघारी ये, पसंती उसाची न्हाय!" सगळे हसले. हौसाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. दत्तू कपाळावर पाल्याचे ओरखडे घेऊन परत आला आणि पुन्हा खाली बघत बसला.

मग भाकरी. आईनं परात, पीठ, पाणी पुढं ठेवलं. हौसाबाई म्हणाल्या, "आठ दिस झालं शिकतोय. घरात त्येचीच भाकरी चाललीया. म्हशी बी कटाळल्या." पहिली भाकरी त्याच्या हातातच दुभंगली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी मात्र गोल नव्हती पण फुगली, टम्म, आणि ती फुगलेली बघून त्याला एवढा आनंद झाला की बघायचं नाही हे विसरून त्यानं वर बघितलं. सरळ माझ्याकडं. मी लाजून मान खाली घातली, आणि मग आठवलं, की आज खाली बघायची पाळी माझी नाही. मी परत वर बघितलं.

मला एवढ्या कार्यक्रमांत कुणी एक गोष्ट विचारली नव्हती. ती मी त्याला विचारली. "तुमाला काय इचारायचं हाय का?"

त्यानं बोटांचं पीठ चोळून काढलं आणि म्हणाला, "पिठात पानी जास्त झालं तर काय करायचं?"

"पीठ घालायचं."

"आन पीठ जास्त झालं तर?"

"शेजाऱ्याला जेवाया बोलवायचं," मी म्हटलं. हे मी म्हटलं, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही. आईच्या हातातला तांब्या वाजला.

केस ओढायचं तात्यांनी स्वतःच रद्द केलं. आम्ही त्यांचे पोहे खाल्ले, त्यांना खरवस दिला. जाताना हौसाबाई ट्रॉलीत चढल्या आणि म्हणाल्या, "पसंती मागाहून कळवा. फळ्यावर लिव्हलंय तसं."

ट्रॅक्टरचा आवाज विरला. मला वाटलं आता दादा होकार कळवतील. पण दादा सरळ माणूस. ते म्हणाले, "चेष्टेवर सोयरीक हुती व्हय? उद्या तेस्नी कळलं, तर म्हनतील आमच्या पोराला भाकऱ्या करायला लावून गाव हसलं." तात्यांनी कोपरा पुसून टाकला आणि पुढं काही दिवस तो मोकळाच राहिला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी दादांपुढं माझं तोंड उघडलं असतं का, सांगता येत नाही. मग एका सकाळी शब्बीरभाई कॅन उचलता उचलता म्हणाले, "त्या दत्तूला दुसऱ्या ठिकाणी बोलावलंय म्हणे. पोरीचे वडील घाई करतायत." माझ्या हातातल्या भाकरीला भोक पडलं.

दुपारी डेअरी बंद असते. पडवीत कुत्रं सोडून कुणी नसतं. मी किटल्या धुवायच्या निमित्तानं गेले, खडू घेतला आणि त्या मोकळ्या चौकटीत लिहिलं, 'मुलगा पसंत आहे.' खाली माझं नाव लिहिलं. चौथीनंतर मी फळ्यावर लिहिलेलं ते पहिलंच.

संध्याकाळी रांग लागली आणि हशा उसळला. "तात्या परत सुरू झाला!" एक जण किटली आपटत म्हणाला. "पोरगा पसंत! वा रं पठ्ठ्या!" तात्यांनी वळून बघितलं. अक्षर त्यांचं नव्हतं. ते म्हणाले, "आरं, ह्ये म्या न्हाय लिव्हलं." झालं, रांग पोट धरून हसायला लागली. ते जितकं शपथेवर सांगत होते तितकी माणसं जास्त हसत होती. मी खिडकीमागं उभी होते. खरं लिहिलं होतं आणि सगळं गाव त्याला हसत होतं. शब्बीरभाई तर डोळे पुसत गाडीत बसले आणि हा विनोद घेऊन इंदापूरच्या रस्त्याला लागले. तात्या मात्र शटर ओढून आत आले, माझ्या बोटांकडं बघितलं. खडूचा पांढरा रंग अजून गेला नव्हता. ते दादांना घेऊन गोठ्यात गेले आणि बराच वेळ बोलत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर परत आला. या वेळी हौसाबाईंच्या मांडीवर नारळ होता आणि साखरेची पुडी. "फळ्यावर आलंय म्हनं," त्या म्हणाल्या.

तात्या पुढं झाले. हात जोडले. "मावशी, तुमाला फसवून सोयरीक न्हाय करायची. पयलं लिव्हलेलं ती चेष्टा हुती. रीत बीत काय न्हाय हितं. मला राग आलता, म्हनून लिव्हलं."

हौसाबाई नारळ धरून उभ्या राहिल्या. मामाच्या तोंडावर 'मी म्हणत होतो' असं लिहिलेलं होतं.

"बरं," हौसाबाई म्हणाल्या. "आन दुसरं लिव्हलेलं?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. दादांनी बघितलं. मी उंबऱ्यात होते, खांब जवळच होता. मी खांबामागं गेले नाही.

"ते खरं हाय," मी म्हटलं.

"मग झालं की," हौसाबाई म्हणाल्या आणि नारळ माझ्या ओटीत टाकला. "मला वाचता येत न्हाय, बाई. शब्बीरनं सांगितलं. लई हसत हुता त्यो. म्या त्येच्या हसन्याकडं बगितलंच न्हाय. काय म्हनतोय तेवढं ऐकलं."

त्या माझ्या सासूबाई. त्यांना शेवटपर्यंत विनोद कळला नाही, आणि त्यांच्याइतकं मला कुणी समजून घेतलं नाही. हे सांगताना आतून भाजल्याचा वास येतोय, उसात शिरलेला तो मुलगा आत भाकरी करतोय. आता गोल येते.

लग्न ठरलं तसं तात्यांनी मोठ्या आनंदानं फळ्यावर लिहिलं, वेळ, ठिकाण, सगळ्यांनी यावं म्हणून. वाचून रांग हसली आणि आपापलं दूध घालून घरी गेली. आबांनी तर निरोप पाठवला की आता पुरे कर. शेवटी तात्या अक्षता घेऊन घरोघर फिरले आणि प्रत्येक दारात डावी भुवई बोटानं खाली दाबून धरून म्हणाले, "खरं हाय. जेवाया या."